किसनसिंग मिस्त्रीने न केलेले चमत्कार

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. रुईच्या आवारात दिवसभर काम केलं की अंगावर तूस जमतं, तसे. कितीही झटकलं तरी थोडं कानामागे उरतंच. माझ्या कानामागे जे उरलंय ते सगळं एकाच माणसाचं आहे, आणि खरं सांगतो, ते आठवलं की मला हसू येण्याआधी राग येतो. हसू नंतर येतं. कधी कधी येतच नाही.

मी रामभाऊ. अकोल्यात एका शेठजींच्या आवारात रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी शिवायचो. दाभण, सुतळी आणि तरट, एवढंच माझं जग. तिकडे अमेरिकेत लोक आपसात लढायला लागले, त्यांचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. अकोट, हिवरखेड, कुठून कुठून गाड्या यायच्या. आगगाडी अजून आमच्यापर्यंत पोचायची होती, पण माणसांची डोकी तिच्याआधीच सुसाट सुटली होती.

त्या गर्दीत किसनसिंग आला. राहणारा नांदेडचा, धर्मानं शीख, धंद्यानं सुतार. उंचापुरा, छातीपर्यंत दाढी, हातात लोखंडी कडं. आमच्यापैकी कुणी तोवर शीख पाहिला नव्हता. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला 'बुवा' करून टाकलं. तो म्हणाला, "बुवा नोका म्हनू. मिस्त्री म्हना."

एवढीशी मागणी! ती शेवटपर्यंत पुरी झाली नाही.

*

रुई दाबायला आमच्याकडे मोठ्या लाकडी स्क्रूचं प्रेस होतं. आठ गडी दांडे धरून गोल फिरायचे, वरची फळी खाली यायची आणि रुई चेपून घट्ट गाठ व्हायची. ऐन हंगामात तो स्क्रू अडकला. दोन दिवस हलेना. शेठजींनी नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, गड्यांना शिव्या घातल्या. स्क्रू आपला जागच्या जागी.

किसनसिंगानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. आट्यांत घट्ट बसलेलं तूस खरवडून काढलं. पिशवीतून एरंडेलाची कुप्पी काढली आणि वरपासून खालपर्यंत तेल सोडलं. काम करताना तो तोंडातल्या तोंडात "वाहेगुरू, वाहेगुरू" म्हणायचा. ती त्याची सवयच होती. मग म्हणाला, "फिरवा." स्क्रू लोण्यासारखा फिरला.

शेठजी हात जोडून उभे! "वा! काय मंत्र हाय!"

"तेल हाय," किसनसिंग म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो लाकूड आणायला मेळघाटाकडे गेला. परत येऊन पाहतो तो काय, स्क्रू पुन्हा अडकलेला आणि आठ गडी दांडे धरून घसा फुटेस्तोवर "वाहेगुरू" ओरडताहेत! तेलाची कुप्पी तो जिथे टांगून गेला होता तिथेच, जशीच्या तशी भरलेली!

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मिस्त्री, मी सांगितलं होतं हो, तेल घाला म्हणून."

सांगितलं होतं, अगदी शपथेवर सांगतो. शेठजी मला काय म्हणाले माहीत आहे? "रामभाऊ, तू शिवनारा मानूस. तुले मंत्रातलं काय समजते?"

*

गाड्यांची गर्दी अशी, की नंबर लागेपर्यंत माणसं आणि बैल चार-चार दिवस आवारात उभे. बरोबर आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशीच संपायच्या. किसनसिंगानं दुपारची चूल पेटवली. त्यांच्यात याला लंगर म्हणतात. कुणीही यावं, एका ओळीत बसावं, सगळ्यांनी एकच डाळ-भाकर खावी. गाडीवाल्यांनी आपापल्या पोत्यातली मूठ मूठ ज्वारी-डाळ आणून टाकायची, झालं.

लोकांनी आधी विचारलं, "पंगत कोनाची?"

"जो बसन त्याची."

खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी मीही ताट घेऊन निंबाखाली वेगळा जाऊन बसलो. ओळीत माझ्या शेजारी सरजामाय येणार होती. ती रुईतला कचरा निवडायची, गावाबाहेर राहायची, आणि तिच्या मांडीला मांडी लावून जेवणं माझ्या जिवावर आलं. किसनसिंग डाळ घेऊन माझ्याकडे आलाच नाही. लांबूनच म्हणाला, "रामभाऊ, डाळ ओळीत हाय. झाडाखाली नाई." दोन दिवस मी ताठ्यात काढले. तिसऱ्या दिवशी सरजामायच्या शेजारी बसून सहा भाकरी खाल्ल्या. त्या दोन दिवसांची लाज मला अजून वाटते.

तर आता चमत्कार ऐका. हिवरखेडचे बापूराव पाटील पंचवीस गाड्यांचे धनी. त्यांचा स्वयंपाक वेगळा, गडी वेगळा, पाणीसुद्धा वेगळं. त्यांनी लांबून पाहिलं की शंभर माणूस जेवून उठतं आणि हंडी एकच. झालं! "बुवाची हंडी सरतच नाई!" अहो, एकच कशी? मागच्या चुलीवर दुसरी शिजत असायची! ज्वारीची पोती माझ्या खांद्यावरून यायची, आणि कोंबडं आरवायच्या आधी उठून ती दळायची कोण? सरजामाय!

तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती सरळ पाटलांपुढे जाऊन उभी राहिली. दोन्ही तळवे उघडून दाखवले. फोड फुटून लाल झाले होते. म्हणाली, "पाटील, हे पाहा. हंडी नाई सरत, पन कातडं सरते!"

पाटील दोन पावलं मागे सरकले, तिची सावली चुकवून, आणि शांतपणे म्हणाले, "देवाचं काम करते त्याले फोड येतेच."

ज्या हंडीतला घास त्यांनी कधी तोंडात घातला नाही, तिची कीर्ती अख्ख्या तालुक्यात नेली ती याच माणसानं!

*

एकदा दुपारी किसनसिंग निंबाखाली फळीला रंधा मारत होता. मी गाठ शिवत होतो. मी विचारलं, "मिस्त्री, तुमच्या गुरूंनी चमत्कार केलेच नाहीत का?"

"गोष्टी लय हायेत," तो म्हणाला. "माही माय सांगे. पयल्या गुरूवर डोंगरावरून कोनं धोंडा लोटला. त्यायनं नुसता हात लावला अन् धोंडा थांबला. हाताचा पंजा उमटला त्याच्यावर."

"मग!"

"मंग काय? मले ते गोष्ट आवडते. मायच्या तोंडून आयकली हाय. माहा काका त्या पंजाची शपथ घे. कोनं शंका काढली तं जेवनावरून उठून जाये. पन माहा बाप म्हने, त्या गोष्टीत गुरूचा सोबती तहानेनं मरून राहिला होता. पंजा काय पाहता, त्याले पानी भेटलं का नाई ते पाहा."

मला हे नवीनच होतं. आमच्याकडे पंजाची पूजा झाली असती आणि सोबती तसाच तहानेला राहिला असता.

मग त्यानं नवव्या गुरूंचं सांगितलं. दिल्लीच्या बादशहानं त्यांना म्हटलं, तू एवढा मोठा गुरू, तर करामत दाखव. नाहीतर धर्म सोड. दोन्ही नसेल होत तर मान दे. गुरूंनी मान दिली.

मी दाभण खाली ठेवली. "अहो, दाखवून टाकायची एखादी! लहानशी! जीव तरी वाचला असता!"

किसनसिंगाचा रंधा थांबला. त्याला रागावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, "करामत म्हंजे कहर, असं आमच्यात म्हनतात. देवाच्या हुकमात हात घालनं हाय ते. मान गेली तं एकट्याची गेली, रामभाऊ. करामत दाखवली असती तं साऱ्यायची अक्कल गेली असती."

मी सुतळी ओवत बसलो.

*

सरजामायची नात काशी चार वर्षांची होती. तिला ताप भरला आणि डोळे फिरले. बायकांनी गलका केला, "बुवाच्या कड्याचं पानी पाजा! कड्याचं पानी!" एकीनं तर तांब्याही आणला.

किसनसिंगानं तांब्या घेतला, काशीच्या कपाळावर ओतला, तिला उचललं आणि जो पळत सुटला तो थेट मोर्णा नदीच्या पात्रातून पलीकडच्या सरकारी दवाखान्यात! मी त्याचे जोडे हातात घेऊन मागे. सरजामाय माझ्या मागे.

दवाखान्यातला डॉक्टर आपल्यातलाच, पण स्वभावानं जमदग्नी. त्यानं चार दिवस पोरीला ठेवून घेतलं. औषध दिलं, डोक्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, स्वतः बाजूला बसून राहिला. पाचव्या दिवशी काशी भाकर मागायला लागली.

दाराशी ही गर्दी! हार, नारळ, उदबत्त्या! "बुवानं कुशीत घेतली अन् ताप उतरला!"

डॉक्टर बाह्या सरसावून बाहेर आला. "अन् मी चार दिवस इथं काय भजन करून राहिलो होतो?"

*

त्या वर्षी कापसाच्या जोरावर कुणी काय घेतलं याला सुमार नाही. बापूराव पाटलांनी घड्याळ घेतलं! भिंतीवर टांगायचं, टोल्याचं. गावात ते दाखवून झालं, मग आम्हाला दाखवायला गाडीत घालून आवारात आणलं आणि निंबाच्या फांदीला टांगलं. वाजले किती हे पाटलांना सांगता यायचं नाही, पण टोला पडला की ते मिशीवरून हात फिरवायचे.

आठव्या दिवशी घड्याळ थांबलं. पाटलांचं तोंड पाहवेना. घड्याळावर पांढरा पंचा पांघरून किसनसिंगापुढे आणून ठेवलं. "बुवा, मेलं हो!"

त्यानं पंचा काढला, मागचं दार उघडलं. आत किल्ली सुतानं बांधलेली होती. ती भोकात घालून फिरवली. घड्याळ टिकटिकायला लागलं.

पाटलांच्या डोळ्यांना धारा! "मेलेलं जितं केलं! बुवानं मेलेलं जितं केलं!"

"पाटील, हे किल्ली हाय. दर आठ दिवसाले द्याची."

"हो महाराज," म्हणाले पाटील, किल्ली दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि घरी नेऊन देवघरात ठेवली. आठव्या दिवशी घड्याळ पुन्हा मेलं!

आम्ही पोट धरधरून हसलो. हसायला नको होतं. कारण बातमी आवारातून निघाली तेव्हा अशी होती, की अकोल्याच्या बुवानं पाटलाचं मेलेलं घड्याळ जितं केलं. ती अकोटला पोचली तेव्हा तिच्यात घड्याळ उरलंच नव्हतं. पाटलाचं मेलेलं पोर होतं.

*

हे आता सांगतो ते हसण्याचं नाही.

अकोटाकडून एक बाई आली. कडेवर दोन वर्षांचं पोर, हगवणीनं वाळून गेलेलं. ती दीड दिवस चालत होती. वाटेत तोच सरकारी दवाखाना लागला होता. दारातल्या माणसानं तिला हटकलंही होतं, "बाई, पोरगं आजारी दिसते, आत आन." तिनं सांगितलं, "मले बुवाकडे जाचं हाय."

किसनसिंगानं पोर घेतलं आणि पळाला. त्याच वाटेनं, त्याच पात्रातून. डॉक्टरनं पोराचा हात हातात धरला आणि खाली ठेवला. कुणावर ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "तासाभरापूर्वी आलं असतं तर."

तासाभरापूर्वी ती बाई त्याच दारावरून पुढे गेली होती.

ती किसनसिंगाचे पाय धरून म्हणत होती, "पाटलाचं केलं, मंग माहं काहून नाई? आमी गरीब म्हनून का जी?" मी बाजूला उभा होतो. मला त्या घड्याळाचा, त्या पाटलाचा आणि आमच्या हसण्याचा असा संताप आला, की दाताखाली ओठ फुटला.

*

आता कुणालाही वाटेल, एवढं झाल्यावर लोक शहाणे झाले असतील. छे! पोर गेलं त्याचा दोष बाईच्या नशिबाला लागला आणि बुवा शाबूतच राहिला. बुवाच्या पायगुणानं सगळ्या गाड्या आपल्याकडे येतात हे शेठजींना कळलं होतं. त्यांनी निंबाखाली ओटा बांधायला घेतला!

किसनसिंग रोज सकाळी आवाराच्या दारात उभा राहायचा. आजारी पोर घेऊन कुणी दिसलं की त्याला दवाखान्याच्या वाटेला लावायचा. तरी दहातले चार मागच्या कुंपणातून आत शिरायचे.

बाजाराच्या दिवशी शेठजींनी त्याला ओट्याजवळ उभं केलं. समोर पाच-सहाशे माणूस. शेठजी म्हणाले, "मिस्त्री, आज काही तरी दाखवा. लहानसं का होईना."

"आमच्यात मना हाय."

बापूराव पाटील पुढे झाले. "नाई दाखवत? मंग तुमी भोंदू हा असं समजू आमी?"

मला वाटलं, आता संपलं. आवारातून हाकलतील, मारतीलही. पण किसनसिंगाचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "समजा! हेच तं मी वर्षभरापासून सांगून राहिलो! माह्यापाशी काही नाई. भोंदू म्हना, लुच्चा म्हना, पन पोट्टे दवाखान्यात न्या!"

मला वाटलं, पटलं बुवा एकदाचं!

मग मागून एक म्हातारा गहिवरून म्हणाला, "केवढा नम्र हाय! खरा सिद्ध असाच असते!"

आणि पाचशे माणसांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

त्याच दुपारी किसनसिंगानं रंधा, करवत, पटाशी पिशवीत भरली. मला म्हणाला, "मी इथं राहिलो तं आनखी एखादी माय येइन, रामभाऊ. माह्याच्यानं पाहवनार नाई." सरजामायच्या पाया पडला. तिनं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि पदरानं डोळे पुसले. जाताना तेलाची कुप्पी भरून स्क्रूजवळच्या खिळ्याला टांगली, आणि आठही गड्यांना एकेकाला बोलावून सांगितलं, "रोज सकाळी दोन थेंब." मग नांदेडच्या वाटेला लागला.

आठवड्यात शेठजींनी मलाही अमरावतीच्या आवारात धाडलं. मी त्यांच्यापुढे फार बोलायला लागलो होतो.

*

दोन हंगामांनी मी अकोल्यात परत आलो. अमेरिकेतली लढाई संपली होती, कापूस उतरला होता, पाटलांच्या पंचवीस गाड्यांच्या सात झाल्या होत्या. आवारात पाय ठेवला आणि दुरूनच स्क्रूचा आवाज ऐकला. असा कर्कश, की बैल बुजत होते. आठ गडी दांड्यांना लोंबकळत होते आणि फळी बोटभरही खाली येत नव्हती.

तिथून दहा पावलांवर निंबाखालचा ओटा. चांगला चुन्यानं रंगवलेला. वर लाल कापड, कापडावर झेंडूचे हार, हळद-कुंकू, आणि मधोमध ती कुप्पी! पुढे समई. तेलानं काठोकाठ भरलेली समई!

मी गड्यांना विचारलं, "अरे, त्या कुप्पीतलं तेल स्क्रूला काहून नाही घालत?"

एकानं जीभ चावली. "तिले हात लावाचा नाई. बुवाची हाय ते."

सरजामाय कोपऱ्यात रुई निवडत होती. आता पार वाकली होती. मान वर न करता म्हणाली, "सांगू सांगू थकली मी, रामभाऊ."

माझं डोकं फिरलं. मी जोड्यांसकट ओट्यावर चढलो, हार बाजूला फेकले आणि कुप्पी उचलली. पाटील तिथेच बसले होते. किंचाळले, "रामभाऊ, हात झडन तुहा!" शेठजी धावत आले. मी कुणाकडे पाहिलं नाही. आट्यांतलं दोन वर्षांचं तूस दाभणीनं उकरून काढलं, शेवटच्या थेंबापर्यंत तेल सोडलं, कुप्पी उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, "फिरवा."

स्क्रू फिरला. आवाज नाही की काही नाही. फळी सरसर खाली आली.

आता हे सगळ्यांना नीट समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर बापूराव पाटलांनी आपला रेशमी फेटा काढला आणि माझ्या पायांवर ठेवला.

"अहो पाटील, तेल आहे! तेल!" मी ओरडलो. पण तोवर गडी वाकले होते, गाडीवाले वाकले होते, शेठजींनी हात जोडले होते. आणि त्या वाकलेल्या माणसांमधून वाट काढत एक बाई आली. कडेवर पोर, त्याची मान तिच्या खांद्यावर लुळी पडलेली. तिनं ते पोर माझ्या पायाशी ठेवलं.

मी पोराला हात लावला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

मी त्याला उचललं आणि पळत सुटलो. जोडे कुठे राहिले कळलं नाही. मोर्णेच्या उतारावर ती बाई माझ्या मागे धावत होती, तिच्या मागे वाकलेली सरजामायही जमेल तशी येत होती. आणि त्या दोघींच्या मागून, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा, पाटलांचा आवाज येत होता, "पाहा, पाहा! बुवाबी असाच पळे!"